मुंडावळ्या तेवढ्या पुसून द्या

बालविवाह थांबवायचे तर पुरुषांशी बोलायला हवं, असं आमच्या संस्थेनं ठरवलं आणि जळगाव-धुळ्याच्या गावांतून बैठका घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बैठकीला दहा जण जमले तर नऊ गप्प आणि दहावा मोबाईलमध्ये! खरं बोलतात ते बैठक संपल्यावर, चपला घालताना. माझ्याकडे साठलेत ते सगळे किस्से चपला घालतानाचे.

*

शिंदखेड्याकडच्या एका गावात मी विचारलं, लग्नात तुमची बायको केवढी होती? सगळे हसले. ऐंशीच्या घरातले एक आबा तेवढे हसले नाहीत. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मांडवमाच तिना दात पडना व्हता."

दुधाचा दात. लोक अक्षता टाकत होते आणि नवरी खाली वाकून दात शोधत होती. सापडला तो नवरदेवाला, म्हणजे आबांना. मग काय केलंत, असं मी विचारलं. आबांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली, उघडून माझ्यापुढे धरली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दात अजून पांढरा होता.

*

योगेश पहूरच्या बाजूचा, केळीचा शेतकरी. तो मुलगी बघायला गेला होता. एक पोरगी पाण्याचा ट्रे घेऊन आली. धाकटी बहीण असेल म्हणून यानं तिला खिशातलं चॉकलेट दिलं आणि म्हणाला, "जा, ताईला बोलाव."

कोणी हललं नाही. पोरगी तिथेच उभी राहून चॉकलेट खात राहिली.

तिचा मामा हळूच म्हणाला, "ताई नाही. हीच."

योगेश पाणी न पिता उठला. आता तो माझ्याबरोबर बैठकांना येतो.

*

भडगावचा सुनीलभाऊ फोटोग्राफर. नवरीचा जन्मदाखला बघितल्याशिवाय तो लग्नाची ऑर्डर घेत नाही. का, ते त्यानं मला एकदाच सांगितलं.

वर्षभरापूर्वी त्यानं काढलेला एका नवरीचा फोटो घेऊन तिचे वडील दुकानात आले. मोठा करून फ्रेम हवी होती. सुनीलभाऊ खूश झाला. साईज ठरली, काच ठरली.

जाता जाता वडील म्हणाले, "मुंडावळ्या तेवढ्या पुसून द्या. हार घालायचा आहे."

पहिल्या बाळंतपणातच गेली होती. सुनीलभाऊ दिवसभर कॉम्प्युटरवर मुंडावळ्या पुसत बसला.

"ती माझ्याकडेच बघत होती," तो मला म्हणाला. "मीच सांगितलं होतं ना, बाळा, इकडे बघ."

*

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत आम्ही मुलांचं नाटक बसवलं. नवरी झाला नववीतला दिलीप. अंगावर बहिणीची साडी. बहीण सोळाची, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं लग्न ठरलेलं.

नाटकात अक्षता पडल्या आणि बघायला बसलेल्या बायकांनी लग्नाचं गाणं धरलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिलीपनं तिथे "मला शिकायचंय" म्हणायचं होतं. त्याचं तोंड उघडलं, आवाज फुटेना. गाणं काही थांबेना. हसलं कोणीच नाही.

शेवटी त्याचा बाप उठला, पुढे आला आणि पोराच्या डोक्यावरचा पदर त्यानं काढून टाकला. आखाजीला ते लग्न झालं नाही.

*

एका सकाळी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. कोणी पुरुष कुजबुजत होता. दुपारी अमुक मळ्यात लग्न आहे, मुलगी पंधराची आहे, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

पोलिसांना घेऊन मी पोहोचलो. लग्न थांबलं. नवरदेवाकडचे लोक निघून गेले. मुलीचे काका काठ्या घेऊन उभे होते, पण सगळ्यांत जास्त ओरडत होता तो मुलीचा बाप.

"तुमले कोनी सांगं? नाव सांगा त्यानं!"

नाव मला माहीत नव्हतं. फोन करणारा बरा आहे ना, एवढंच बघावं म्हणून मी जरा बाजूला जाऊन सकाळचा नंबर लावला.

फोन वाजला तो बापाच्या खिशात.

त्याचं ओरडणं थांबलं. खिशाकडे त्याचा हात गेला नाही. मी फोन बंद केला, तशी रिंग थांबली.

"बठा भाऊ," तो म्हणाला. "चहा पी ल्या."