तिसऱ्यांदा हो म्हणायचं

आई तशी काटेकोर नव्हती. धुतलेली साडी अर्धी तारेवर आणि अर्धी कुंपणावर टाकून ती मोकळी व्हायची. पण ताटं वाढली की तिच्या अंगात कुठली तरी हेडबाई संचारायची. पाठ ताठ कर, बोटं चाटू नको, घास तोंडात असताना बोलू नको. हे सगळं सुरू झालं ते नागपूरच्या करंज्यांपासून.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ सहा वर्षांचा. आम्ही बालाघाटात राहायचो. बाबूजी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कारकून होते. रोज सायकलने जायचे आणि संध्याकाळी काळ्या धुळीने माखून परत यायचे. दिवाळी झाल्यावर आम्ही मावशीकडे, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीकडे, नागपूरला गेलो. तिच्याकडे जेवायला चक्क टेबल-खुर्च्या होत्या. दुपारी तिने करंज्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि "घ्या रे" म्हणाली. आम्ही घेतल्या. संपल्यावर पुन्हा घेतल्या. कोणी थांबवेना, म्हणून आम्हीही थांबलो नाही. डब्याचा तळ दिसायला लागला तेव्हा मावशी हसत सगळ्यांसमोर म्हणाली, "काहून रे, तुमच्या बालाघाटात दुष्काळ पडला का?"

सगळे हसले. आईही हसली. पण परतीच्या वाटेवर गोंदियाच्या पुढे बस राजेगावला थांबली तेव्हा खिडकीकडे तोंड करून तिने पदराने डोळे पुसले. ते पाहून मला फार वाईट वाटलं. भावाला काहीच वाटलं नाही. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता.

थंडी ओसरता ओसरता मावसाजींचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, पत्र आलं. एका लग्नासाठी ती दोघं बालाघाटला येणार होती. बस स्टँडजवळ टेबल-खुर्च्यांचं नवीन हॉटेल निघाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. 'तिथे सर्वांनी मिळून डोसा खाऊ,' असं त्यांनी लिहिलं होतं. बाबूजींनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"ह्या खेपेले माह्या लेकराईले कोनी हावरट म्हनून दाखवावं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. घरात टेबल नव्हतं. आईने दोन पत्र्याच्या पेट्या एकमेकींना लावल्या, त्यांवर चादर टाकली आणि पलीकडे आम्हाला पाटावर पाट ठेवून बसवलं. कोपर पेटीला टेकलं की ती चिमटा काढायची. कढीचा भुरका मारायला बंदी झाली. ही बंदी फक्त आम्हाला होती, कारण बाबूजींचा भुरका शेजारच्या घरात ऐकू जायचा आणि तो बंद करणं आईच्या हातात नव्हतं. ती आम्हाला "तोंड मिटून खा" म्हणत असताना मागून बाबूजींचा लांबलचक भुरका यायचा, आणि भाऊ इतका हसायचा की भाताची शितं नाकातून बाहेर यायची. मग त्याला आणखी एक चिमटा बसायचा.

पण या सगळ्यात मोठा धडा होता नाही म्हणण्याचा. आमच्याकडे पाहुण्याने वाढलेलं लगेच घेतलं तर तो अधाशी ठरायचा. यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने 'नको' म्हणायचं. पुन्हा आग्रह, पुन्हा 'नको'. तिसऱ्या वेळी मात्र पाहुण्याने लाजत, थोडं कमी करायला सांगून, घ्यायचं. मोठी माणसं हे इतकं सहज करायची की त्यात काही शिकवण्यासारखं आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. आईने त्याची रीतसर तालीम घेतली. ती यजमान व्हायची आणि आम्ही पाहुणे.

"घे रे बाबू, एक पोळी घे."

"नको."

"अशी कशी नको? घे ना बाप्पा."

"नको, पोट भरलं."

"माह्यासाठी घे."

"बरं. अर्धी द्या."

मला हे चटकन जमलं. भावाचा हिशेब मात्र चुकायचा. एकदा भरात येऊन त्याने तिसऱ्यांदाही 'नको' म्हटलं, तर आईने खरोखरच पोळ्यांची टोपली उचलून आत नेली. त्याने घर डोक्यावर घेतलं. बाबूजी म्हणाले, "असू दे ना, लहान आहे थो." आई म्हणाली, "आता रडला तं चालते. तिथं रडला तं नाही चालत." त्यानंतर तो पेटीखाली हात धरून बोटांवर मोजायला शिकला आणि पुन्हा कधी चुकला नाही.

मावशी आणि मावसाजी आले. लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं; आम्ही हॉटेलात निघालो ती दुसरी दुपार. भावाच्या सल्ल्याने आम्ही दोघं सकाळपासून फक्त पाणी प्यायलो होतो. डोशाला जागा हवी, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते अगदी पटलं होतं. आईला हे सांगितलं नव्हतं. घाईत तिच्याही लक्षात आलं नाही.

हॉटेलात शिरताच लोण्याचा असा काही वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आम्ही सहाजण टेबलाभोवती बसलो. पाठ ताठ, कोपरं अंगाशी. आईने आमच्यावरून एकदा नजर फिरवली आणि ती खूश झाली. खांद्यावर टॉवेल टाकलेला, पिकल्या मिशांचा एक वेटर आला. मावसाजी आमच्याकडे वळून म्हणाले, "बोला, तुम्हाला काय सांगू? डोसा?"

"नको," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

मावसाजी शहरातले, शिकले-सवरलेले, आणि मुलांना जबरदस्ती करू नये या मताचे. "बरं," ते म्हणाले आणि आईला विचारलं. आईने आयुष्यात असल्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. "मला काही नको, तुम्ही घ्या."

वेटर भला माणूस होता. त्याने स्वतःहून विचारलं, "बच्चों के लिए कुछ नहीं?"

ही दुसरी वेळ. भावाचा चेहरा उजळला. तो अदबीने म्हणाला, "नहीं चाहिए, पेट भरा है." मीही मान हलवली. आता फक्त तिसऱ्यांदा विचारायचं बाकी होतं. वेटरने "ठीक है" म्हटलं, आत तोंड करून तीन मसाला डोसे सांगितले आणि तो दुसऱ्या टेबलाकडे गेला.

मी आईकडे पाहिलं. घोटाळा तिच्या लक्षात आला होता. आग्रह करणं हे हॉटेलवाल्याचं काम नसतं, ही एवढी साधी गोष्ट महिनाभराच्या तालमीत आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती, कारण तोवर आमच्यापैकी कोणी घराबाहेर असं टेबलावर बसून जेवलंच नव्हतं. नागपुरात बसलो होतो, तर तिथे काय झालं ते सांगितलंच आहे. आता आईने तोंड उघडावं तर नागपूरची जखम मावशीसमोर उघडी पडणार, आणि गप्प बसावं तर लेकरं उपाशी. ती गप्प बसली. तिचा राग येण्याऐवजी मला तिची भीती वाटली, कारण तिची मूठ टेबलाखाली घट्ट आवळलेली मला दिसत होती.

डोसे आले. हातभर लांब, कडेला कुरकुरीत. बाबूजींनी एक तुकडा तोडून आमच्याकडे सरकवायला हात पुढे केला, आणि दुसऱ्याच्या ताटातलं खायचं नाही हा आईचाच नियम आठवून परत घेतला. त्या दिवशी त्यांनी सांबाराचा भुरका मारला नाही. मावशीने दोन घास खाल्ले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती गुणी झाली वं तुही लेकरं. काही मागत नाहीत, कशाले हात लावत नाहीत."

आईला महिनाभर जे ऐकायचं होतं ते हेच. माझ्या मनात आलं, जिंकली आई. तेवढ्यात भावाच्या गालावरून एक थेंब ओघळला. तो रडत नव्हता, म्हणजे आवाज अजिबात काढत नव्हता. आईकडे वाकून त्याने विचारलं, आणि त्याच्या मते ते हळूच होतं,

"आई, तिसऱ्यांदा कधी विचारतील?"

मावसाजींना काही उमगेना. मावशीला मात्र उमगलं. तीही त्याच माहेरची. तिने चमचा खाली ठेवला.

आई म्हणाली, "मीच शिकवलं त्याईले, ताई. नागपूरहून आल्यापासून. तू दुष्काळ म्हनाली होती ना."

मग मावशी म्हणाली, "सासूबाई दारात उभ्या होत्या तवा. थ्या करंज्या त्याईच्या उपासाच्या पारन्याले ठेवल्या होत्या, मीच चुकून थो डबा काढला. त्याईनं मले बोलन्याच्या आधी मी तुह्या लेकराईले बोलली. मले माफ कर वं."

आईने मान हलवली. ती रडेल असं मला वाटलं, पण तिला हसू येत होतं. मावसाजी वेटरला हाक मारायला वळले, तर आई म्हणाली, "थांबा, मी सांगते." आई परक्या माणसाशी फारसं बोलायची नाही, बाजारातसुद्धा भाव बाबूजीच विचारायचे. पण तिने हात वर करून खणखणीत आवाजात म्हटलं,

"भैया, तीन डोसे और लाना."

बाबूजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मीही बोटांवर मोजलं. एक माझा, एक भावाचा. तिसरा आला तेव्हा तिने तो कोणाकडे सरकवला नाही, मोडून वाटला नाही, कोणाला विचारलंही नाही. ताटली स्वतःपुढे ओढली आणि वाफ निघत असतानाच पहिला घास घेतला. घरी ती सगळ्यांचं आटोपल्यावर, चूल विझल्यावर, उरलेलं जेवायची. आईला गरम गरम जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.