पायानं पुसलेली रेघ

मला शहरं आवडतात. आमच्या भोर-वेल्ह्याकडं हे वाक्य जरा दबक्या आवाजात म्हणायचं असतं. पुण्यात फ्लॅट घेतलेली माणसं सुट्टीला भोरला येतात, नदीकाठी उभी राहून छाती भरून श्वास घेतात, "खरं जगणं इथंच" म्हणतात आणि रविवारी संध्याकाळची एसटी पकडून परत जातात. मला असं नाटक कधी जमलं नाही. मला सिग्नल आवडतो. रस्त्यातलं गटाराचं लोखंडी झाकण आवडतं. लहानपणी स्वारगेटला उतरलं की लाल दिवा किती वेळ टिकतो ते मी मनातल्या मनात मोजत उभी राहायची आणि अम्मी दंडाला धरून ओढायची. "दुकानं बघ की, दिव्याकडं काय बघतीस?" दुकानं भोरलाही होती. सिग्नल नव्हता.

आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकते. भोरच्या बाजारपेठेतून मी एकटी चालले की तीन ठिकाणी तरी कुणीतरी विचारायचं, "कुणाची गं तू? मिस्त्रीची ना? कुठं निघालीस?" माणसं चांगली होती, प्रश्न प्रेमानंच विचारायची, पण मला त्याचा वीट आला होता. शहरात कुणी विचारत नाही, हे ऐकून बाकीच्यांना वाईट वाटायचं. मला ऐकूनच बरं वाटायचं.

तर अशा मुलीच्या हाती शहर वसवायचा गेम लागला. साल दोन हजारच्या आसपासचं. बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. क्लासच्या सरांनी पुण्याहून कुठूनतरी एक सीडी आणली होती. मी नव्या मुलांना माउस धरायला शिकवायची आणि त्या बदल्यात सर मला दुपारचा एक तास कोपऱ्यातलं मशीन द्यायचे. बाकीची मुलं गाड्या पळवायची, गोळ्या मारायची. मी मोकळ्या जमिनीवर रस्ता ओढायची. रस्त्याच्या कडेला घरांची जागा, मग दुकानांची, लांब, धूर वस्तीवर येणार नाही अशा अंगाला, कारखान्यांची. माउस दाबून पाइप ओढला की अख्ख्या वस्तीला पाणी. आमच्या नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं, तेव्हा त्या ओढलेल्या पाइपचा आनंद काय असतो ते मला विचारा. आणि त्या शहरातली माणसं कटकट करायची! शाळा लांब आहे, बस नाही, धूर फार होतो. त्यांची प्रत्येक तक्रार पडद्यावर दिसायची. असं गाव मी आधी पाहिलं नव्हतं.

शहर बिघडलं तर एक बुलडोझरही होता. चुकलेल्या घरावर नेला की घर नाहीसं. त्यातली माणसं कुठं गेली, हे गेम सांगत नसे आणि खरं सांगते, मी कधी विचारलंही नाही. शंभरेक घरं तरी मी अशी उडवली असतील.

अब्बा गवंडी. भोर, उत्रोली, नसरापूर, कुठंही घर निघालं की अब्बांना बोलावणं यायचं. एकदा ते मला न्यायला क्लासवर आले आणि माझ्या मागं उभं राहून बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. माझं शहर तेव्हा ऐन भरात होतं. मी वाट बघत होते की आता शाबासकी मिळेल.

"सांडपाणी कुठं जातं?" अब्बांनी विचारलं.

मी शोधलं. पाणी येण्याचे पाइप होते. जाण्याचं काहीच नव्हतं.

"मग हे शहर न्हाई बेटा, चित्र हाय," ते म्हणाले आणि जिना उतरले.

दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. राग याचा होता की त्यांचं बरोबर होतं. पण त्या दिवसापासून भोरच्या प्रत्येक गल्लीत उतार कुठं आहे ते मी बघायला लागले. आणि दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा करायचा, तोही पुण्यात, हेही तेव्हाच ठरवलं. माझं ठरलं, घराचं ठरायचं होतं. अम्मीला काळजी, चाचांना लाज. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, कामावर त्यांच्या जोडीलाच असायचे. "पोरगी गवंडीकाम शिकायला हॉस्टेलात ऱ्हाणार, हे लोकांना काय सांगायचं?" असं ते जेवता जेवता विचारायचे. अब्बा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. मुलींच्या एका वसतिगृहाचा अर्ज मी पोस्टानं मागवला होता. तो दहावीच्या निकालाच्या आधीच, मे महिन्यात द्यायचा होता आणि त्यावर पालकाची सही लागत होती. खोली मिळाली नाही तर पुणं नाही, हे अम्मीनं स्पष्ट सांगितलेलं. तो अर्ज दीड आठवडा कपाटावर पडून होता.

त्याच मे महिन्यात अब्बांना मोठं काम मिळालं. वेल्ह्याकडची एक वाडी धरणाच्या पाण्यात जाणार होती. तिथल्या लोकांना हायवेच्या अलीकडं एका माळावर जागा मिळाली होती आणि घरांचे पाये काढायचे होते. वसाहतीचा नकाशा इंग्रजीत होता, मापं मीटरमध्ये. अब्बांचा हिशोब फुटात आणि हातात. म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. चाचांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी मात्र हवेत होते. नकाशा उघडला आणि मला हसूच आलं, हुबेहूब माझा गेम! सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, चौकोनी प्लॉट. फक्त कागदावर माळ सपाट होता आणि प्रत्यक्षात तो ओढ्याकडं चांगलाच कललेला होता.

आमच्याकडं घर बांधायचं तर आधी आखणी होते. मिस्त्री दोरी धरतो आणि दोरीवरून चुन्याची फक्की सोडत घराच्या चारी बाजू जमिनीवर काढतो. मग घरधनी पूजा करतो, नारळ फोडतो, मिस्त्रीच्या हातात टॉवेल-टोपी देतो. अब्बा बिस्मिल्ला म्हणून दोरी धरायचे, घरधनी गणपतीचं नाव घेऊन नारळ फोडायचा आणि दोघांनाही त्यात वेगळं काही वाटायचं नाही. एकदा नारळ फुटला की ती चुन्याची रेघ म्हणजे घर. भिंत नसली तरी लोक ती ओलांडून जात नाहीत, दाराची मोकळी सोडलेली जागा असते, तिथूनच आत-बाहेर करतात.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मिस्त्रीची मुलगी मी. पण त्या दुपारी मी गेममध्ये होते.

शेवटच्या कोपऱ्यातला प्लॉट एका म्हाताऱ्या जोडप्याचा होता. सकाळीच नकाशाप्रमाणं आखणी होऊन त्यांची पूजा झाली होती. मी नकाशा घेऊन फिरत तिथं पोचले आणि माझं डोकंच सटकलं. वरच्या तीन गल्ल्यांचा उतार नेमका तिथं येत होता आणि घराचं दार त्या उताराच्या तोंडावर. पावसाळ्यात वरच्या सगळ्यांच्या अंगणातलं पाणी म्हाताऱ्यांच्या चुलीत जाणार. डाव्या अंगाला जमीन जरा उचललेली होती. घर तिकडं आठ फूट सरकवलं की सुटलं. मी अब्बांना हाक मारली, "अब्बा, हे असं नको, इकडं घ्या," आणि दाखवायच्या घाईत दर्शनी बाजूची रेघ चपलेनं सरळ पुसून टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

म्हातारी किंचाळली. "आगं, आमचं घर पुसलं की गं!"

आसपासच्या सगळ्या प्लॉटवरची कामं थांबली. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. आजोबा नुसते त्या पुसल्या रेघेकडं बघत होते. चाचा धावत आले. "हेच शिकवलं का त्या गेमनं? पूजेची फक्की पायानं पुसतीस? काय म्हनतील लोक?"

अब्बांनी मला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशीही लावला नाही. पण त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "माफी माग."

मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. मी आजोबांसमोर गेले, वाकले आणि म्हणाले, "पायानं पुसली, त्याची माफी मागते. पण रेघ चुकीची होती. तिची माफी नाही मागणार."

"बघा!" चाचा म्हणाले. "बघा हिचं तोंड."

अब्बांनी पिशवीतून लेव्हलचा पाइप काढला. प्लास्टिकची पारदर्शक नळी असते, पाणी भरलेली. दोन टोकांना दोन माणसं उभी राहिली की पाणी आपोआप सांगतं कुठली जागा उंच, कुठली खोल. एक टोक धरून ते वरच्या गल्लीत गेले. दुसरं टोक धरायला चाचा पुढं झाले, तर अब्बांनी मानेनं नको म्हटलं. मी ते दाराच्या जागेवर धरलं. पाणी हललं, थांबलं. अब्बांनी तिथल्या खुंटीवर पेन्सिलीनं पाण्याची खूण केली, उतरून आले, माझ्याजवळच्या खुंटीवर तशीच खूण केली आणि दोन्ही खुणांच्या जमिनीपासूनच्या उंचीतला फरक बोटं पसरून मोजला. दीड वीत. दार गल्लीच्या दीड वीत खाली होतं.

"नकाशात तर असंच हाय," चाचा म्हणाले.

"नकाशात माळ सपाट हाय," अब्बा म्हणाले.

आजोबा पुढं झाले, माल कालवायच्या पाण्याचा हंडा उचलला आणि वरच्या गल्लीत नेऊन ओतला. सगळे बघत होते. पाण्याची धार धूळ गोळा करत खाली आली, जरा थबकली आणि मी पुसलेल्या रेघेवरून थेट घरात शिरली. चुलीच्या जागी जाऊन थांबली. म्हातारीनं पदर खाली घेतला.

"तिकडं आमचं गाव उठवलं," आजोबा म्हणाले, "मोजायला लई लोक आले. साखळ्या लावल्या, झाडं मोजली, कवलं मोजली. हितं आमी ऱ्हाणार कसं ते एकानं ईचारलं न्हाई." मग माझ्याकडं वळले. "ऱ्हायलेल्या तीन बाजू बी पूस. पर खाली बस. हातानं पूस."

मला पडद्यावर उडवलेली ती घरं आठवली. त्यातल्या एकाही घराशी मी अशी खाली बसले नव्हते. मी गुडघे टेकले आणि तिन्ही बाजू हातानं पुसल्या. वेळ लागला. चुना बोटांना चावतो, नखांत जातो. कुणी मदतीला आलं नाही आणि मला नकोच होती. पुसून झाल्यावर अब्बांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि डाव्या अंगाला आठ फूट मोजून आम्ही दोघांनी नवी आखणी केली. म्हातारीनं दुसरा नारळ आणला. एकाच घराला दुसऱ्यांदा नारळ फोडताना काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती एवढंच म्हणाली, "आता हितंच ऱ्हाऊ दे, देवा." आजोबांनी नारळातला तुकडा आधी माझ्या हातावर ठेवला.

मला वाटलं होतं की आता सगळं मिटलं. कसलं काय! घरी परतेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. मिस्त्रीच्या पोरीनं पूजेचं घर पुसलं, एवढीच. पाण्याचं पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. अम्मी रडून मोकळी झालेली. चाचा हातपाय धुऊन आले, कपाटावरचा अर्ज काढला आणि अब्बांच्या समोर ठेवला.

"हे आता तुमीच फाडा," ते म्हणाले. "आज एका घराची रेघ पुसली. उद्या पुण्याला जाऊन काय काय पुसंल. आन् माफी तरी नीट मागितली का तिनं? समद्यांसमोर उलटं बोलली."

मी दारात उभी होते. जे बोलायचं ते माळावर बोलून झालं होतं आणि त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नव्हते. अर्ज फाटला असता तरी.

अब्बांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी अम्मीकडं पेन मागितलं, अर्ज मांडीवर घेतला आणि सहीची जागा शोधायला लागले. इंग्रजीतली ती जागा त्यांना पटकन सापडेना.

"मागितली की माफी," ते चाचांना म्हणाले. "पायाची मागितली. रेघेची न्हाई मागितली. बराबर मागितली."

आणि मला जवळ बोलावून विचारलं, सही कुठं करायची ते दाखव.