मामंजींचं शेवटचं प्रकरण

सासऱ्यांच्या शेजारच्या बाकावर बसून एम.ए. झालेली सून साऱ्या डिचोली तालुक्यात मी एकटीच असेन. आणि पहिल्या चाचणीत सुनेपेक्षा दोन गुण जास्त पडले म्हणून तिच्यादेखत वर्गात पेढे वाटणारे सासरे तर साऱ्या पृथ्वीतलावर माझे एकटीचेच. मी दोडामार्गाकडची. लग्न होऊन सर्वणला आले तेव्हा माझी बी.ए.ची पदवी नव्या साड्यांच्या खाली बॅगेच्या तळाशी होती, ती चार वर्षं तिथेच राहिली. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. एके दिवशी धीर करून मी म्हटलं, मला मराठीत एम.ए. करायचंय. जवळच्या शहरात सरकारी विद्यापीठाचं केंद्र आहे, जाऊन येऊन करता येईल. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "रस्त्यार तिच्या वांगडा कोण वतलो?" तिच्याबरोबर रस्त्याने जाणार कोण, हा प्रश्न म्हणजेच नकार होता. मामंजी पेपर वाचत होते. खाणीच्या काट्यावर, म्हणजे जिथे मालाने भरलेल्या ट्रकांचं वजन होतं तिथे, त्यांनी उभा जन्म कारकुनी केलेली. खाण बंद पडल्यापासून ते घरात दिवसाला सहा-सात वाक्यं बोलत. त्यातलं एक त्यांनी तेव्हा खर्च केलं. "हांव वतां." मी जातो.

आम्हाला वाटलं, बसपर्यंत सोडायला येतील. ते प्रवेश अर्ज घेऊन आले, दोन. एक माझा, एक स्वतःचा. चाळीस वर्षांपूर्वीचं त्यांचं बी.ए.चं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीतून निघालं, त्याला डांबरगोळ्यांचा वास होता. प्रवेश देणाऱ्या कारकुनाने ते नाकापासून लांब धरलं आणि विचारलं, "काका, नक्की कोणाला शिकायचंय?" मामंजी म्हणाले, "दोघांना. पण वेगवेगळं."

हे वेगवेगळं ते अक्षरशः पाळत. घरात आम्ही सगळेच कोंकणी बोलायचो, माझ्या कोंकणीत मालवणी मिसळलेली. पण शहराच्या स्टँडवर बसमधून पाय खाली टेकला की मामंजींच्या तोंडात शुद्ध मराठी यायची, पेपरात वाचून आणि जत्रेच्या नाटकांत ऐकून साठवलेली. सकाळी "जेवण घेतलें गो?" म्हणून माझ्या डब्याची चौकशी करणारा माणूस तासाभराने मला, "आपण माझ्या वहीत डोकावू नये," असं बजावायचा. वर्गात नातं नाही, हा त्यांचा कायदा. आम्ही सात विद्यार्थी होतो. बाकी सगळे बाविशीतले, आणि मामंजी त्या सर्वांना अहोजाहो करत. हजेरीच्या कागदावर सही करून पुढे आल्याची वेळ लिहीत, मिनिटासकट. एकदा मी मागच्या मुलीशी कुजबुजत होते तर उभे राहून त्यांनी बाईंना सांगितलं, "मला ऐकू येत नाही. बोलणाऱ्यांना बाहेर पाठवावं." बाईंनी मला खरंच बाहेर पाठवलं. मधल्या सुट्टीत मात्र ते डबा घेऊन पायरीवर माझ्याजवळ आले, आपल्या उंड्यातला, म्हणजे गोल जाड पावातला, अर्धा मोडून माझ्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे करून आपला अर्धा खात बसले.

साहित्याकडे बघायची त्यांची एक स्वतंत्र पद्धत होती. खाणीवर मालाची ग्रेड ठरते, लोखंड किती आणि माती किती. मामंजी कवितेचीही ग्रेड काढत. आधुनिक कवितेच्या तासाला बाईंनी मत विचारलं की कोणी प्रतिमा म्हणायचं, कोणी आशय म्हणायचं. मामंजी डोळे मिटून म्हणत, "अठ्ठावन्न. वर माती बरीच आहे, पण खाली माल आहे." पहिल्यांदा सगळे हसले. दिवाळीपर्यंत सगळा वर्ग तसाच बोलायला लागला, आणि बाईसुद्धा एकदा चुकून म्हणाल्या, "ही कादंबरी फार तर पन्नास." माझा पहिला निबंध मी त्यांना मोठ्या आशेने वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, पानं नीट जुळवली आणि म्हणाले, "सगळी माती." मी बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडले. पण निबंध पुन्हा लिहिला, आणि तो चांगला झाला हेही कबूल करायला हवं.

एका गोष्टीचं मात्र कोणालाच हसू येत नसे. स्टँडपासून केंद्रापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. मामंजी नेहमी गाड्यांच्या बाजूने चालत आणि मला आतून चालवत. हातातली मिटलेली छत्री माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये आडवी धरलेली. मागून अवजड गाडीचा आवाज आला की ते मला गटाराच्या कडेला दाबून उभं करत आणि गाडी निघून जाईपर्यंत स्वतः डोळे मिटून घेत. वर्गातली मुलं बघत असायची, मला लाज वाटायची. मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कितलींशींच वर्सां जालीं. विचारूं नाका." कितीतरी वर्षं झाली त्याला, विचारू नकोस.

तिसऱ्या सत्रात लघुप्रबंध आला. मामंजींनी विषय घेतला खाणकामगारांची बोली. मार्गदर्शक म्हणून आमच्या बाईच होत्या आणि त्या भलत्याच खूश झाल्या. असा अभ्यास आतून कोणी केलाच नव्हता. मामंजी छत्री आणि वही घेऊन गावोगाव हिंडू लागले, जुन्या ड्रायव्हरांना, मजुरांना शोधू लागले. बरेचसे वारले होते. काही दमेकरी होऊन पडलेले, ते चार शब्द सांगून खोकत बसायचे, आणि मामंजी खोकला थांबेपर्यंत पेन उचलून धरून थांबायचे. एकाने सांगितलं की शेवटच्या खेपेला ते 'आवशीची खेप' म्हणायचे, कारण त्यानंतर घरी आईकडे जायचं. मामंजींनी तो शब्द मला बसमध्ये तीनदा वाचून दाखवला. म्हणाले, "हा पासष्टचा आहे." इतके आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग आम्ही पेडण्याला गेलो. त्या भागातल्या एका वाडीत एक जुना ड्रायव्हर राहायचा. मामंजी त्या सकाळी जेवले नाहीत आणि मला म्हणाले, "आज तू येच." माणूस अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता. मामंजींना बघून तो उठलाही नाही आणि बसाही म्हणाला नाही. मामंजींनी वही उघडली, आपण कशासाठी आलो ते सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "शब्द होये तुमका? तर एक सांगतंय. त्या दिसा काट्यार माझ्या गाडयेचा वजन तुमी किती लिवलात, बाब? आणि खरा किती होता?"

मामंजींनी वही मिटली.

"तीन वर्सां आत होतंय मी," तो म्हणाला. "बायल गेली तेव्हा पण आत." आणि पुन्हा खाली वाकून बिया पसरायला लागला.

परतीच्या बसमध्ये मामंजींनी मला सगळं सांगितलं. कोंकणीत, हळू, समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ट्रक भरमसाट भरून जायचे आणि काट्यावरच्या कागदावर वजन कमी लिहायचं, असा वरचा तोंडी हुकूम होता. त्या दिवशीही त्यांनी तसंच लिहिलं. ट्रक उतारावर लागला, ब्रेक धरेनात, आणि कॉलेजला निघालेली वनिता नावाची मुलगी त्याच्याखाली गेली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कोर्टात ड्रायव्हर म्हणाला, गाडी जड होती. मामंजींना बोलावलं. त्यांनी कागद दाखवला आणि शपथेवर सांगितलं, वजन बरोबर होतं. ड्रायव्हरच्या बेपर्वाईवर शिक्का बसला. "पोर बारावीत होता आमचा," मामंजी म्हणाले. आमचा म्हणजे माझा नवरा. "नोकरी गेली असती." मग म्हणाले, "कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या सासूलासुद्धा अर्धंच ठाऊक आहे."

मी वनिताच्याच वयाची असताना कॉलेजला जात होते आणि परत येत होते. मला त्यांचा राग आला, तरी त्यांच्या शेजारून उठवेना.

त्यानंतर तीन आठवड्यांत त्यांनी लघुप्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहिलं. शीर्षक होतं 'काट्यावरची भाषा'. वजन कमी लिहिण्याला खाणीवर काय म्हणत, तो हुकूम कुठल्या शब्दांत यायचा, कोर्टात त्यांनी नेमकी कोणती वाक्यं उच्चारली. आणि त्या एका दिवसाचा सगळा वृत्तांत, सकाळी घरातून निघाल्यापासून. बाईंनी ते वाचून आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काका, आधीची चार प्रकरणं उत्तम आहेत. हे काढा. लघुप्रबंधात हे बसत नाही."

"का बसत नाही?"

"संदर्भ काय देणार तुम्ही? कागदपत्रं तर उलटं सांगतायत."

"ती मीच लिहिली होती, बाई."

"म्हणूनच म्हणते. उद्या कोणी हे उघडून वाचलं तर तुमच्यावर येईल. तुमचं वय काय, तब्येत काय." बाई खरोखर काळजीने बोलत होत्या. "पाहिजे तर घरी ठेवा लिहून."

"घरी ठेवलंच होतं इतकी वर्षं," मामंजी म्हणाले.

त्यांनी ते काढलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटची पानं चाळली आणि चष्मा काढून विचारलं, हा भाषेचा अभ्यास आहे की जबानी? मामंजी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "सर, मला दोन्ही वेगळं करता येईना. खूप प्रयत्न केला." प्रकरण वगळून महिन्याभरात पुन्हा सादर करावं, असा शेरा मिळाला. प्रकरण काढा म्हणून मी घरी त्यांच्या हातापाया पडले. सासूबाईंनी बोलणं टाकलं. नवऱ्याने कुठल्याशा बंदरातून फोन करून आरडाओरडा केला, आणि मग सगळं कळल्यावर फोन ठेवून दिला. महिना गेला. माझा निकाल आला, मी पहिल्या वर्गात पास झाले. मामंजींच्या नावापुढे 'अपूर्ण' असं छापून आलं. त्यांनी माझ्यासाठी पेढे आणले, स्वतः एकही खाल्ला नाही.

पुढच्या रविवारी ते प्रकरण एका पिशवीत घालून ते म्हणाले, चल. वनिताचं घर शेजारच्या गावात, बसने तीन थांबे. या सगळ्या वर्षांत ते त्या दारी गेले नव्हते. दारात तिची आई भेटली, सत्तरीची, बारीक, पाठीत वाकलेली. मामंजींनी आपलं नाव सांगितलं, काट्यावर होतो म्हणाले, आणि पिशवी पुढे केली. "यात सगळं लिहिलंय."

"माका वाचूंक येना," ती म्हणाली. मला येत नाही वाचता. मग माझ्याकडे बघून, "तूं वाच."

मामंजी पायरीवरच बसले, रस्त्याकडे तोंड करून. मी आत बसून वाचलं. मराठीत लिहिलेलं मी वाचता वाचता कोंकणीत सांगत होते. वजन, हुकूम, कोर्ट, सगळं तिने ऐकलं. तिचा चेहरा जराही हलला नाही, जणू हे तिला केव्हाचं ठाऊक होतं, फक्त कोणी येऊन सांगायचं बाकी होतं. पण त्या दिवसाच्या सकाळचा भाग आला तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं. मामंजींनी तिथे लिहिलं होतं की कामावर जाताना बसच्या खिडकीतून त्यांना थांब्यावर चार-पाच मुली दिसल्या. त्यात एक वनिता होती, हे त्यांना मागाहून पेपरातल्या फोटोवरून कळलं. निळा ड्रेस, हातात वही, आणि मैत्रिणीच्या कुठल्याशा बोलण्यावर ती इतकी हसत होती की वही खाली पडली.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं. मग तिने दाराकडे तोंड करून विचारलं, पायरीवरच्या पाठीला, "हांसताली?"

"होय," मामंजी म्हणाले. वळले नाहीत. "बरीच हसत होती."

"सकाळीं म्हज्याकडेन झगडून गेल्ली," ती म्हणाली. माझ्याशी भांडून गेली होती. क्षमा केली असं म्हणाली नाही, चालते व्हा असंही नाही. आम्ही निघताना तिने फक्त कागदांवर हात ठेवला आणि मान हलवली, म्हणजे हे इथेच राहू देत.

थांब्यावर बसची वाट बघत आम्ही बराच वेळ उभे होतो. ऊन कलत होतं. मामंजी एकदम शुद्ध मराठीत बोलले, वर्गात बोलायचे तसे. "बाईंनी सर्वांत आधी तोच परिच्छेद खोडला होता. मुलगी हसत होती, याचा विषयाशी संबंध नाही, असं समासात लिहिलं होतं."

मी म्हटलं, "बरं झालं ठेवलात."

ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले, बस येऊन समोर उभी राहीपर्यंत.