आठाचा प्रोसेसर दहावर

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी कंपनीच्या संगणकात स्वस्तातला प्रोसेसर बसवला आणि त्याला झेपेल त्याहून जोरात पळवला. कोणालाही न विचारता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खालापूरजवळच्या एका कागद कारखान्यात मी स्टोअरचा कारकून होतो, अजून कच्चा. पक्कं केल्याचं पत्र मालक खंडेनवमीला, पूजा आटोपल्यावर, पेढ्यासोबत हातात देणार होते. ऑफिसात नवा संगणक आला तेव्हा जुना स्टोअरच्या वाट्याला आला होता. बेअरिंगांची यादी लावायला तो इतका वेळ घ्यायचा, की लोधिवलीचा म्हातारा फिटर खिडकीवर कोपर टेकून विचारायचा, "उठलं का रं तुझं यंत्र? नाय तर मी जेवून येतो."

हे मला लागलं. संगणकाच्या पोटात एक क्रिस्टल असतो, त्याच्या ठोक्यावर प्रोसेसर चालतो. क्रिस्टल बदलला की ठोके वाढतात. मात्र प्रोसेसरला ते सोसले पाहिजेत. एवढं ज्ञान मला एका मासिकातून मिळालं होतं. त्याची पुढची पानं फाटलेली होती.

मुंबईत जुन्या सामानाच्या दुकानात दहा मेगाहर्ट्झचा प्रोसेसर महाग होता, आठचा स्वस्त. "छापलंय आठ, पण पळतो दहावर. बिनधास्त न्या," दुकानदार म्हणाला. ट्रेमधल्या आठच्या चिपांतून मी सगळ्यात ठसठशीत अक्षरांची निवडली. जुन्या मालावर इतकी ताजी अक्षरं कशी, मूळचा आकडा पुसून नवा तर छापला नसेल, हा प्रश्न मला नेरळ मागे पडल्यावर पडला.

जुना प्रोसेसर स्क्रूड्रायव्हरने उचकटताना त्याचे दोन पाय तुटले. बोर्ड पिशवीत घालून कर्जतच्या रेडिओवाल्याकडे नेला, दहाला लागणारा क्रिस्टल डागून घेतला. संध्याकाळी यादी अशी सरसर लागली, की रिकाम्या स्टोअरमध्ये मी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

सकाळी पूजेआधी सहज लावून पाहिलं. पाच मिनिटांत पडदा गोठला. चिपला बोट लावलं आणि तेच बोट तोंडात घातलं. गार होऊ दिलं, पुन्हा लावलं. पुन्हा पाचच मिनिटं. पाच मिनिटांनी भागणार नव्हतं.

कारण आमच्याकडची रीत. मालकांच्या आई प्रत्येक यंत्राचं बटण स्वतः दाबत आणि आरती संपेस्तोवर ते चालू राहिलंच पाहिजे. मध्येच बंद पडलं तर वर्ष वाईट. आणि ज्याच्यामुळे पडलं त्याचं तर विचारूच नका.

मी इलेक्ट्रिशियनकडे धावलो. "जुना क्रिस्टल परत लावून दे, बाबा. दोन टाके मारायचेत."

त्याची सोल्डरिंगची डागणी पाटावर होती, हळदकुंकू लावलेली, वर झेंडू. "येडा का तू? आज हत्याराला हात लावतंय का कोन? आज देव हाय ती!"

कर्जतचं दुकानही त्याच कारणाने बंद असणार. अख्ख्या तालुक्यात त्या दिवशी मला वाचवू शकणारं प्रत्येक हत्यार पाटावर बसलं होतं. मी संगणकाचं झाकण काढलं, टेबलफॅन थेट चिपवर रोखला, पुढे झेंडूची माळ सोडली आणि घाम पुसत उभा राहिलो.

बॉयलर झाला, पंप झाला, लेथ झाला. सगळ्यात शेवटी मंडळी स्टोअरमध्ये शिरली. मालकांच्या खिशातून पांढरं पाकीट डोकावत होतं. आईंनी बटण दाबलं, पडदा उजळला, मी मनात मिनिटं मोजू लागलो. पंख्याच्या जोरावर वेळ निभेल असं वाटत होतं. तेवढ्यात आई म्हणाल्या, "अरे, तो पंखा बंद करा. निरांजन विझतंय."

"आई, गरम होतंय हो!" मी ओरडलोच.

"पाच मिनिटं घाम आला तर मरत नाहीस," त्या म्हणाल्या. कोणीतरी पंखा बंद केला.

एक आरती झाली. मी जिवाच्या आकांताने "मंगलमूर्ती मोरया" म्हणून टाकलं. कोणी दाद दिली नाही. पॅकिंगवाल्यांनी दुसरी धरली, तीही संथ चालीत. तिसऱ्या कडव्याला पडद्यावर चौकोन, बाण, उलटेसुलटे आकडे भरले आणि सगळं थिजलं. टाळ्या एकेक करून थांबल्या.

"हे काय लिहिलंय?" मालकांनी विचारलं.

फिटर पुढे आला, झाकण नसलेल्या पेटीवर तळवा धरला आणि भिंतीतली पिनच उपटली. "जळंल ना हे! काय केलंस रं?"

मग मी सगळं सांगितलं: प्रोसेसर, क्रिस्टल, तुटलेले पाय, फाटलेलं मासिक. आईंनी निरांजन खाली ठेवलं. मालकांनी पाकीट बोटाने खिशात आत ढकललं आणि माझ्याकडे न बघता फिटरला विचारलं, "हे परत चालेल का?"

"चालंल की, मालक," फिटर म्हणाला. "फक्त ह्याला लांब ठिवा."