वरच्या चाकाची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईचं आजारपण मी एकट्या ताईवर टाकलं. आई गेल्यावर चिरनेरला ताईसमोर जायची हिंमत होईना, म्हणून फोनवर "गाडी खोललीय" एवढंच सांगत राहिलो.

गाडी खरंच पनवेलच्या अंगणात उघडी होती. इंजिनातली चाकं एका तालात फिरवणारा टायमिंग बेल्ट मीच बदलत होतो आणि मुद्दाम काम संपवत नव्हतो.

करंजाची एक मासेवाली रोज फाटकाशी टोपली उतरवून पदराने मान पुसायची. "दादा, गाडी बिघडलीय का तुमी बिघडलाव?"

एकदा मीच म्हणालो, "मावशी, मी खालून इंजिन हाताने फिरवतो. वरच्या दातेरी चाकाची खूण त्याच्या मागच्या रेघेसमोर आली की सांगा."

हात मागे बांधून ती वाकली. "आली! आता परत फिरवा. आमचे होडीचे इंजिनालाही एकदा बघून भागत नाय."

खूण पुन्हा जागेवर आली.

"झाली ना गाडी? आता जावा, कुटं जायचा हाय तिथं."

त्याच दुपारी चिरनेरला गेलो. ताईने काही न विचारता पान वाढलं. आता मी नेहमी जातो. गाडीची ती सबब होती, हे मात्र ताईला सांगायचं अजून राहिलंय.