शिलाईवाल्या काकूंची मांजर

सावंगीला आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या काकू मेडिकलच्या पोरांचे पांढरे कोट शिवतात. बोलता बोलता त्या मध्येच थांबतात, खिडकीबाहेर बघतात आणि वाक्य हवेतच विरून जातं. त्यांची म्हातारी मांजर कापडावर झोपली असली, तर तिला न उठवता त्या दुसरं काम हाती घेतात.

पावसाळा सरताना मांजरीने खाणं सोडलं. काकू तिला टोपलीत घालून बसने नागपूरला घेऊन गेल्या. किडन्या खराब झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर सलाईन, मग रोजची औषधं. खर्च काकूंना झेपणारा नव्हता. घरी आल्या आणि त्यांनी मोटरची नवी मशीन विकून टाकली. मांजरीला घेऊन पुन्हा नागपूरला, बहिणीकडे राहायला गेल्या आणि सलाईन संपल्यावर परत आल्या. आता जुन्या पायमशीनवर शिवतात.

"काकू, किती दिवस काढेल ती?" मी भीतभीतच विचारलं.

"डॉक्टर काई सांगत नाई, ताई. पन हिवाळा तर भेटन तिले. सकाळच्या उन्हात पडायले लय आवडते."

परवा ब्लाउज न्यायला गेले, तर काकू मशीन सोडून ओट्यावर कोवळ्या उन्हात बसलेल्या. मांडीवर मांजर झोपली होती. त्या हळूच थोड्या सरकल्या, आणि मी त्यांच्या शेजारी बसले.