उघडं वाक्य

२ डिसेंबर, रविवार. कराडच्या आमच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात मी जुन्या अर्जांच्या टाइप केलेल्या प्रती रद्दीला काढत होते. एकेक कागद उजेडाकडे धरून बघायचा. वाक्यांच्या शेवटी सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसली, की ते काकांचं टायपिंग.

काका मूळ कडेगावकडचे, फौजेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वीस वर्षं आमच्याकडे टायपिंगला होते. मलकापुरात एकटेच राहायचे. पूर्णविराम असा हाणायचे की कागदाला भोक पडायचं. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तरी बोट तसंच. कीबोर्डवरचं ते एकच चिन्ह पार पुसून गेलं होतं.

मोबाइलवरही तेच. "हो." "निघालो." "चहा सांगा." माझी मुलगी रेवा वैतागायची.

"काका, 'हो'च्या पुढं टिंब कशाला? चिडल्यासारखं वाटतं."

"आगं, उघडं वाक्य म्हंजे उघडं दार. कोण बी आत शिरतंय."

"व्हॉट्सअ‍ॅपवर कोण शिरणार?"

"तुमी पोरं टिंबाबिगर लिवताय. वाक्य संपलं का माणूसच संपला, कळायचं कसं?" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

एका गोष्टीला मात्र हसायचे नाहीत. फौजेतून आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी एका बाईचं संमतिपत्र टाइप केलं होतं: मी घरातील हिस्सा सोडत आहे. शेवटचं टिंब राहिलं. बाईची सही झाल्यावर कुणीतरी त्याच ओळीत पुढं टाइप केलं, 'तसेच जमिनीतीलही'.

"माज्यापुढं त्यो कागद घिऊन आली ती," काका सांगायचे. "नुस्तं टिंबाच्या जागंवर बोट ठिवून बसली. लय वेळ."

त्या रविवारी दुपारी चारला मी कागद बांधत असताना त्यांचा मेसेज आला. "ताई उद्या मी येणार"

पुढं काही नाही. मी रेवाला दाखवला.

"येणार म्हणतायत की. आणि टिंब नाही! शिकले बाई एकदाचे." तिनं माझ्याच फोनवरून त्यांना अंगठा पाठवून दिला.

येणार, की येणार नाही? मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"झोपले असतील गं आई."

मलाही कागद उरकायचे होते. मी ते पटवून घेतलं. संध्याकाळी दुकान बंद करताना पुन्हा बघितलं. अंगठ्यापुढच्या खुणा निळ्या झाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडताच स्कूटर मलकापूरला वळवली. काकांचं दार सताड उघडं होतं. मला बघून एक कुत्रं आतून बाहेर आलं आणि निघून गेलं.

काका खुर्चीत होते. चष्मा नाकावर, मोबाइल मांडीवर. मी हात धरून बघितला. गार होता.

शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी मी मागं फिरले आणि दार लावून घेतलं.